केस गळतात केव्हा, बिघडतात केव्हा?

गेल्या नवरात्रात नांदेडच्या आमच्या खोलीवर सकाळी उशी झटकली की मूठभर केस निघत. माझे वय एकोणीस. घरात वडिलांना टक्कल, तेव्हा वडिलोपार्जित इस्टेट जरा लवकरच हाती आली, असे मित्रमंडळींचे मत पडले. इलाज तर प्रत्येकाकडे होता. कोणी कांद्याचा रस सांगितला, कोणी जास्वंदीची पाने. बोअरच्या खाऱ्या पाण्याला मात्र सर्वांनी एकमुखाने दोषी ठरवले. लातूरला शिकवणीसाठी दोन वर्षे काढली, तेव्हा तिथल्या मुलांचेही हेच म्हणणे असे. शेवटी मी साडेपाचशे रुपयांची तेलाची बाटली आणली. केस गळतच राहिले. उशीला तेवढा छान वास येऊ लागला.

दिवाळीत गावी गेलो, तेव्हा आईने लातूरच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी डोके नंतर पाहिले. आधी विचारले, "जुलैमध्ये काय झाले होते?" जुलैत मला विषमज्वर झाला होता, बारा दिवस अंथरुणाला खिळलो होतो. पण तो बरा होऊन इतके दिवस लोटले होते की, त्याचा आणि केसांचा संबंध माझ्या ध्यानीमनी नव्हता.

मित्रहो, आपण विंचरतो तो केस निर्जीव असतो. जिवंत असते ते त्याचे मूळ, आणि ते त्वचेत खोल, एका बारीक आडाच्या तळाशी बसलेले असते. या आडाला केशकूप म्हणतात. डोक्यावर असे सुमारे एक लाख आड आहेत. प्रत्येकाचे वेळापत्रक स्वतंत्र. दोन ते सहा वर्षे केस वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोनतीन आठवड्यांत वाढ आटोपते आणि सुमारे तीन महिने मूळ विश्रांती घेते. त्यानंतर जुना केस गळतो. रोज पन्नास ते शंभर केस असे जातात, त्यात काळजीचे काही नाही. मोठा ताप, बाळंतपण, उपासमार असे संकट आले की पुष्कळ केशकूप एकदमच विश्रांतीला जातात. केस मात्र तीन महिन्यांनी गळतो. म्हणजे माझ्या उशीवरचे केस नवरात्रात गळाले, पण त्यांचा निकाल जुलैतच लागला होता. बोअरचे पाणी त्या तळापर्यंत पोचत नाही, आणि माझे साडेपाचशे रुपयांचे तेल तरी तिथे काय करणार!

याच केशकुपात तैलग्रंथीचे तोंड उघडते. आपल्या वयात ते चोंदले की मुरूम, आत जंतू शिरून पिकले की केसतूड. चाई हीही याच घरातली. तिच्यात शरीराचे रक्षक चुकून आपल्याच केसमुळांवर तुटून पडतात. (मुरमांवर दुकानातून परस्पर मलम आणणाऱ्यांना एक सांगतो. गोरे करणाऱ्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. आमच्या खोलीतल्या एकाचे मुरूम त्यानेच दुप्पट झाले.)

हा तारखेचा हिशेब कळल्यावर मला बुलढाण्याच्या बातम्या आठवल्या. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या शेगाव भागातील गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले. डोके खाजे, दुखे, आणि तीनचार दिवसांत टक्कल पडे. बाधितांत कॉलेजातली मुले आणि तरुण मुली पुष्कळ. कित्येकांनी लाजेपोटी मुंडण करून घेतले, शिक्षण अडले, काहींची ठरलेली लग्ने मोडली. तिथेही संशय प्रथम पाण्यावरच गेला. तो सारा भाग खारपाणपट्ट्याचा. पण ते पाणी तर पिढ्यान्‌पिढ्या खारेच आहे! आणि तीन महिने कुठे, तीन दिवस कुठे? इतक्या लवकर केस जातो तो विश्रांतीतला नव्हे, ऐन वाढीतला. कर्करोगाच्या औषधांनी जातो तसा. मूळच मारणारे काहीतरी पोटात गेले असले पाहिजे.

डॉ. हिंमतराव बावस्करांनी अन्नाकडे पाहिले. विंचूदंशावरील संशोधनामुळे महाडचे म्हणून ओळखले जाणारे हे डॉक्टर मूळचे आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांनी १८ गावांतील २७९ रुग्णांची नोंद दिली आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. पंजाबातून आलेल्या त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. माणसाला रोज लागते सुमारे ५५ मायक्रोग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅम पिठाच्या पोळ्यांतून त्याच्या पंचवीसपटींहून अधिक पोटात जाणार. सेलेनियम हे गंधकाचे भावंड. केस ज्या केराटिनचा बनतो त्याला बळकटी गंधकाची. तिथे हा भाऊ जाऊन बसला की केस आणि नखे दोन्ही ठिसूळ होतात. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याच्या काही जमिनींत ते मुळातच फार आहे. चीनमधल्या एन्शी भागात १९६०च्या दशकात लोकांचे केस आणि नखे अशीच गळाली होती.

बुलढाण्यातल्या पुष्कळांचे केस पुढे पुन्हा येऊ लागले. माझेही शिवरात्रीपर्यंत आले. आईला ही हकीकत सांगितली तेव्हा ती निर्धास्तपणे म्हणाली, "आपण तर रेशनचा गहू धुऊनच दळतो." मी पुन्हा आकडे पाहिले. धुतलेल्या गव्हाचीही तपासणी झाली होती. त्यात निघाले होते १३.६१.