ल्यूटन टाऊन : वरच्या पायरीवरील एक वर्ष

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलची रचना शिडीसारखी आहे. सर्वांत वर वीस संघांची प्रीमियर लीग, तिच्याखाली अनुक्रमे चॅम्पियनशिप, लीग वन व लीग टू आणि त्याही खाली मुख्य साखळीबाहेरची पाचवी श्रेणी. प्रत्येक हंगामाच्या अखेरीस प्रीमियर लीगमधील शेवटचे तीन संघ चॅम्पियनशिपमध्ये उतरतात व तेथील तीन संघ त्यांची जागा घेतात. आपल्याकडे आय-लीगच्या विजेत्याला इंडियन सुपर लीगमध्ये स्थान देण्यास २०२३ साली प्रारंभ झाला. पुढच्याच वर्षी अशा रीतीने वर आलेला कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग हा जुना, नामांकित संघ २०२४-२५ च्या हंगामात शेवटच्या क्रमांकावर राहिला. वर चढणे आणि वर टिकणे या दोन गोष्टींमध्ये किती अंतर आहे, हे समजून घेण्यास ल्यूटन टाऊन या इंग्लिश संघाचा अनुभव उद्बोधक ठरावा.

ल्यूटन हे लंडनच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर वसलेले कारखानदारीचे शहर. एके काळी तेथे टोप्या तयार होत, म्हणून संघालाही ‘टोपीवाले’ हेच टोपणनाव पडले. १८८५ साली स्थापन झालेला हा संघ १९९२ मध्ये, म्हणजे प्रीमियर लीग सुरू होण्याच्या ऐन तोंडावर, पहिल्या श्रेणीतून खाली आला. त्यानंतर आर्थिक गैरव्यवस्थेने त्यास ग्रासले. २००८-०९ मध्ये त्याचे तब्बल ३० गुण कापण्यात आले आणि संघ पाचव्या श्रेणीत जाऊन पडला. तेथे त्याची पाच वर्षे गेली. दरम्यान पाठीराख्यांच्याच एका गटाने क्लबचा कारभार हाती घेतला होता. उत्पन्न पाहून खर्च करावयाचा, हे या मंडळींचे साधे धोरण. २०१४, २०१८, २०१९ व २०२३ अशा चार बढत्यांनी संघ नऊ वर्षांत शिखरावर पोहोचला. २७ मे २०२३ रोजी वेम्बली येथील निर्णायक सामन्यात कॉव्हेंट्रीशी १-१ अशी बरोबरी झाल्यानंतर पेनल्टी किक्सवर ल्यूटनने ६-५ असा विजय मिळविला. पेली रडक एमपान्झू हा मध्यरक्षक पाचव्या श्रेणीपासून प्रीमियर लीगपर्यंत याच संघाबरोबर आला. असा योग इंग्लिश फुटबॉलमध्ये तोवर कोणाच्याही वाट्याला आला नव्हता.

खऱ्या अडचणी येथूनच सुरू झाल्या. १९०५ पासून वापरात असलेले केनिलवर्थ रोड हे त्यांचे मैदान दाट वस्तीत आहे. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना राहत्या घरांच्या रांगेतून काढलेल्या वाटेने, लोकांची परसदारे पाहत पाहत, जिना चढून आत जावे लागते. दूरचित्रवाणीच्या गरजा भागविण्यासाठी मैदानाची एक बाजू जवळजवळ नव्याने बांधावी लागली. हे काम वेळेत पुरे न झाल्याने बर्नलीविरुद्धचा घरचा पहिला सामनाच पुढे ढकलावा लागला. पहिले चारही सामने संघाने गमावले. पहिला विजय मिळावयास ३० सप्टेंबर उजाडला. त्या दिवशी एव्हर्टनचा त्यांच्याच मैदानावर २-१ असा पराभव झाला.

तथापि ल्यूटनचा संघ दुबळा खेळला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्यात ९५ व्या मिनिटापर्यंत तो आघाडीवर होता. शेवटी बरोबरी झाली. आर्सेनलने ४-३ असा विजय मिळविला तो ९७ व्या मिनिटाला. बोर्नमथविरुद्ध तर तीन गोलांची आघाडी घेऊन तो सामना ४-३ असा गमावला. शेवटच्या मिनिटांत वारंवार घडणाऱ्या या पडझडीस केवळ दैव कारणीभूत नव्हते. एका सामन्यात पाच खेळाडू बदलण्याची आता मुभा आहे. थकलेल्या खेळाडूच्या जागी श्रीमंत संघ दुसरा तितकाच निष्णात खेळाडू उतरवितो; नवागत संघाजवळ तसा राखीव भरणा नसतो. नियम सर्वांना एकच, पण त्याचा लाभ मात्र ज्याच्या पदरी खेळाडू अधिक त्यासच!

त्यातच कर्णधार टॉम लॉकियरवर संकट ओढवले. वेम्बलीच्या सामन्यातही तो मैदानावर कोसळला होता. शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय अनुमती घेऊन तो पुन्हा खेळू लागला. १६ डिसेंबर २०२३ रोजी बोर्नमथ येथे सामना चालू असताना त्याचे हृदय बंद पडले. मैदानावरच विद्युतझटका देऊन त्याचे प्राण वाचविण्यात आले व सामना तेथेच थांबविण्यात आला. उपकरणे व प्रशिक्षित माणसे हाताशी असल्यामुळेच हे शक्य झाले. शाळांच्या व तालुक्यांच्या क्रीडास्पर्धा भरविणाऱ्यांनी याची अवश्य नोंद घ्यावी.

कर्णधारावाचून खेळणाऱ्या या संघाने ३० जानेवारी २०२४ रोजी ब्रायटनचा ४-० असा धुव्वा उडविला, तेव्हा तो तरून जाईल असे अनेकांना वाटले. परंतु उरलेल्या १७ सामन्यांत त्याला केवळ एक विजय लाभला. जायबंदी बचावपटूंची यादी लांबत गेली. अखेरीस ३८ सामन्यांत ६ विजय, ८ बरोबरी, २४ पराभव व २६ गुण, असा अठरावा क्रमांक आला. त्याच्यासह बढती मिळालेले बर्नली व शेफील्ड युनायटेड हेही खाली गेले. तिन्ही नवागत एकदम उतरण्याचा असा प्रसंग १९९७-९८ नंतर प्रथमच घडला आणि २०२४-२५ मध्ये लेस्टर, इप्सविच व साऊदॅम्पटन यांच्या बाबतीत त्याची पुनरावृत्ती झाली.

प्रीमियर लीगमधील एका हंगामाचे उत्पन्न तळाच्या संघासही दहा कोटी पौंडांच्या वर जाते. इतका पैसा हाती येऊनही ल्यूटनने बेसुमार खरेदी टाळली. हे धोरण शहाणपणाचे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण त्याची किंमत मोठी होती. खाली येणाऱ्या संघास काही वर्षे साहाय्यनिधी मिळतो, मात्र एकच वर्ष वर राहिलेल्यास तो तीनऐवजी दोनच वर्षे दिला जातो. प्रशिक्षक रॉब एडवर्ड्स यांनी जानेवारी २०२५ मध्ये संघ सोडला. ३ मे २०२५ रोजी वेस्ट ब्रॉमविच येथे ५-३ असा पराभव होऊन ल्यूटन लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत उतरला. तत्पूर्वी डिसेंबर २०२४ मध्ये शहराच्या मध्यवर्ती भागातील सुमारे २५ हजार प्रेक्षकांच्या नव्या मैदानास परवानगी मिळाली होती. वरच्या श्रेणीतील त्या एका वर्षाची मिळकत नसती, तर हा संकल्प कागदावरच राहिला असता, असे मानण्यास जागा आहे.