पाटी आणि वही



खोडून पुन्हा लिहिता येणारी तबकडी संगणकाच्या रोजच्या फायलींसाठी वापरावी की नाही, हा प्रश्न आजच्या तरुणास जुनाट वाटेल. त्याच्या लॅपटॉपला तबकडी घालावयाची जागाच राहिलेली नाही. परंतु आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पतसंस्था, शाळा, दूधसंस्था आणि आमच्यासारख्या कामगार संघटना यांच्या कपाटांत अशा तबकड्या अजून पडून आहेत, आणि त्यांत माणसांचे हिशेब आहेत. मी शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस. जे सांगणार आहे ते वाचून, विचारून आणि मुख्यतः चुकून शिकलो.

एकदाच लिहावयाची तबकडी आणि ही तबकडी, दोन्ही १२ सेंटिमीटर व्यासाच्या, दिसावयास जवळजवळ सारख्या. फरक पोटात आहे. पहिलीत रंगद्रव्याचा थर असतो. लेसरच्या उष्णतेने तो जेथे बदलतो तेथे कायमचाच बदलतो. दुसरीत चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रणाचा पातळ थर असतो. आपल्या साखरेच्या जिल्ह्यात हे समजणे अवघड नाही. पाक झटकन थंड केला तर काचेसारखी गोळी होते. सावकाश निवू दिला तर तो दाणा धरतो. तसेच हे मिश्रण लेसरने सुमारे ६०० अंशांपर्यंत वितळवून चटकन गोठविले की त्यातील कण अस्ताव्यस्त राहतात व तेथून प्रकाश कमी परततो. सुमारे २०० अंशांपर्यंतच तापविले की कण पुन्हा ओळीने बसतात आणि तो ठिपका उजळतो. पहिली क्रिया म्हणजे लिहिणे, दुसरी म्हणजे खोडणे.

या विद्येच्या मुळाशी जो माणूस आहे त्याच्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते. स्टॅन्फर्ड ओव्हशिन्स्की हा अमेरिकेतील ॲक्रन गावी १९२२ साली जन्मला. बाप लिथुएनियातून आलेला, भंगार गोळा करणारा. मुलगा यंत्रशाळेत कामगार झाला, कॉलेजात गेला नाही, कामगार चळवळीशी त्याची जवळीक होती. विस्कळित कणांचे पदार्थ क्षणात आपली अवस्था बदलू शकतात, हे त्याने १९६८ साली शोधनिबंधात मांडले. पदवी नाही म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. असो.

१९९७ च्या सुमारास ही तबकडी बाजारात आली तेव्हा फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावत. हिच्यात ६५० मावू लागले. सुमारे एक हजार वेळा लिहावे-खोडावे, असा निर्माते भरवसा देत. हजार म्हणजे जन्मभर पुरेल, असे आम्हांस वाटले. पण फ्लॉपीप्रमाणे फायली टाकावयाच्या तर तबकडी आधी तशी आखून घ्यावी लागे, आणि त्या आखणीतच शंभरावर मेगाबाइट जात. शिवाय कोठे काय आहे याची अनुक्रमणिका दर फायलीगणिक बदलत असे. छापील तबकडीवरून सुमारे ७० टक्के प्रकाश परततो, हिच्यावरून १५ ते २५ टक्केच. त्यामुळे कित्येक जुनी यंत्रे हिला ओळखतच नसत.

आता आमची चूक सांगतो. २००६ च्या उन्हाळ्यात भारनियमन कडक होते. साखर कारखान्यांतील हंगामी कामगारांच्या हजेरीची यादी मी अशाच एका तबकडीत रोज सुधारून ठेवीत असे. दुसरी प्रत नव्हती. आणि ‘सगळे तबकडीत आहे’ म्हणून जुने कागद मीच रद्दीत घातले होते. एके दुपारी लिहिणे चालू असताना वीज गेली. वीज आल्यावर यंत्राने तबकडी कोरी असल्याचे दाखविले. बहुधा लेखन जागेवरच होते, अनुक्रमणिका तुटली होती. पण ते परत मिळविण्याची विद्या माझ्याजवळ नव्हती.

पुढे वजनकाट्यावरचा एक कामगार निवृत्त झाला. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने हंगामी कामगारास दर हंगामामागे सात दिवसांचे वेतन धरले होते. त्याचे ७ हंगाम कारखान्याच्या कागदांत नव्हते आणि आमच्या तबकडीतही नव्हते. ४९ दिवसांची मजुरी माझ्या हातून गेली. तो मला काही बोलला नाही. चहा पिऊन गेला.

म्हणून माझे मत असे झाले आहे की ही तबकडी पाटी आहे, वही नव्हे. पत्रकाचा मसुदा, या आठवड्याची वर्गणी, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत न्यावयाची फाइल, यांस ती उत्तम. हजेरी, वर्गणीची खाती, करारनामे यांस नाही. त्यांच्यासाठी एकदाच लिहावयाची तबकडी घ्यावी, दोन प्रती कराव्यात, एक दुसऱ्या गावी ठेवावी; आणि लिहून झाल्यावर ती दुसऱ्या यंत्रात उघडून पाहावी, कारण जे यंत्र लिहिते ते आपले अक्षर वाचतेच. पेनड्राइव्हही पाटीच, वर्षानुवर्षे पेटीत ठेवून तिच्यावर विसंबू नये. करारावरील सह्यांचा मूळ कागद तर कशाच्याही भरवशावर फेकू नये.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही कचेरीतील ६२ तबकड्या बाहेर काढल्या. ४१ वाचल्या, त्या नव्या हार्डडिस्कवर उतरवून कागदाशी ताडून पाहिल्या. ७ मुळीच उघडल्या नाहीत. बाकीच्या १४ आमचा जुना ड्राइव्ह मध्येच बंद पडल्याने तशाच आहेत. आपणांपैकी कोणाकडे चालू ड्राइव्ह असल्यास सभा संपल्यावर दाराशी मला भेटावे.