सागरतळीचा वाटाड्या
विमानाला रेडिओलहरी मार्ग दाखवितात. परंतु खाऱ्या पाण्यात त्या लवकरच विरून जातात. तेथे पाणबुड्या यानांचा वाटाड्या असतो ध्वनी. पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. एका यानाने साद घातली आणि दुसऱ्याचा तत्काळ दिलेला प्रतिसाद २ सेकंदांनी परतला, तर दोहोंत अंतर १५०० मीटर! अंतर आणि ध्वनीची दिशा यांवरून परस्परांचे स्थान ठरते.

२३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ ‘कनिष्क’ विमान समुद्रात कोसळून ३२९ जीव गेले. त्याच्या नोंदपेटिका सुमारे २००० मीटर खोल होत्या. त्यांच्या ध्वनिसंकेतांवरून माग लागला आणि ‘स्कॅरब’ या यंत्रयानाने जुलैत त्या वर आणल्या. अखेरच्या क्षणांची नोंद तपासाला मिळाली, ती या ध्वनीमुळेच.