आलिशान एसयूव्हीचे स्पार्क प्लग : बदलायचे कधी आणि का?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या वेळी आपण इंजिन ऑइलबद्दल बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, की गाडी महागडी आहे, प्लग इरिडियमचे आहेत, मग ते बदलायचे कधी? आज फक्त त्यावर बोलू. सुरुवात मात्र माझ्या एका चुकीपासून करतो.

माझ्या साडूंकडे एक जर्मन बनावटीची टर्बो पेट्रोल एसयूव्ही आहे. सात वर्षांची, बेचाळीस हजार किलोमीटर झालेली. जवळजवळ सगळं चालवणं पुण्यातलं, म्हणजे घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर. एकदा साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट चढत होते आणि गाडीला झटके बसायला लागले. त्यांनी मला फोन केला. मी विचारलं, "प्लग कधी बदललेत?" ते म्हणाले, "अहो, इरिडियमचे आहेत. एक लाखापर्यंत बघायला नको म्हणतात. अजून निम्मं पण झालं नाही." आणि मी म्हणालो, "मग पेट्रोल खराब लागलं असेल. पुढच्या सर्व्हिसला बघू."

पुढची सर्व्हिस दोन महिन्यांवर होती. त्या काळात डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा अधूनमधून लुकलुकायचा, मग बंद व्हायचा. साडूंना वाटलं, बंद झाला म्हणजे झालं. शेवटी गाडी वर्कशॉपला गेली तेव्हा प्लगचा खर्च काही हजारांचा होता आणि सोबत एक इग्निशन कॉइल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गेला होता. ते बिल लाखाच्या पुढे गेलं. म्हणून आज हा विषय.

आधी एक खात्री करा

तुमची एसयूव्ही पेट्रोलची आहे ना? हे विचारतोय कारण आपल्याकडे मोठ्या एसयूव्ही बऱ्याच वर्षांपासून डिझेलवर विकल्या गेल्या आहेत, आणि डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि डिझेल त्या उष्णतेनं पेटतं. डिझेलला ग्लो प्लग असतात. थंड इंजिन सुरू होताना ते आतली जागा गरम करतात, ठिणगी टाकत नाहीत. हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिन असेल तर स्पार्क प्लग असतात. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला हा प्रश्नच नाही.

प्लग किती, हेही आधी बघा. चार सिलिंडरला चार, सहाला सहा, हा साधा हिशोब नेहमी लागू पडत नाही. मर्सिडीजच्या पहिल्या एमएल ३२० मध्ये जे व्ही-सिक्स पेट्रोल इंजिन होतं त्यात प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण बारा प्लग होते. जीप ग्रँड चेरोकीच्या ५.७ लिटरच्या हेमी व्ही-एट इंजिनात सोळा. कोणी "आठ बदलले" असं बिल दिलं तर उरलेल्या आठांचं काय, हे विचारायला हवं.

प्लग झिजतो म्हणजे नक्की काय होतं?

प्लगच्या टोकाला दोन इलेक्ट्रोड असतात, मधला आणि बाजूचा. त्यांच्यामधली फट साधारण ०.६ ते १.१ मिलिमीटर. हवा वीज वाहू देत नाही. ती भेदायची तर विजेचा दाब प्रचंड लागतो. बॅटरी बारा व्होल्टची, पण इग्निशन कॉइल त्याचे वीस-तीस हजार व्होल्ट करते आणि मग ठिणगी उडते.

आता किती व्होल्ट लागतील हे दोन गोष्टींवर ठरतं. फट किती रुंद आहे आणि आतला वायू किती दाबलेला आहे. फ्रिडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञानं १८८९ साली हा संबंध मांडला. आपल्यापुरतं एवढं लक्षात ठेवा, की फट वाढली की व्होल्ट जास्त लागतात आणि दाब वाढला की तेही वाढतात.

टर्बोचं काम काय? सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणं. म्हणजे दाब वाढवणं. म्हणून टर्बो इंजिनात फट मुळात कमी ठेवतात, आणि म्हणूनच तिथे ती थोडीशी जरी वाढली तरी कॉइलची दमछाक होते. घाट चढताना टर्बो पूर्ण जोरात असतो. शहरात आरामात चालणारी गाडी खंबाटकीत झटके देते ती याच कारणानं. फोनवर मला हे सुचायला हवं होतं.

फट का वाढते? प्रत्येक ठिणगीबरोबर इलेक्ट्रोडचा अगदी सूक्ष्म कण उडून जातो. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १७६८ अंशांना आणि इरिडियम २४४६ अंशांना. इरिडियम कठीणही असतं. त्यामुळे त्याचं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं आणि तरी ते पुष्कळ टिकतं. पण पुष्कळ टिकतं याचा अर्थ झिजत नाही असा नाही.

किलोमीटर मोजू नका, ठिणग्या मोजा

आता वही-पेन घ्या. चार स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी लागते. इंजिन मिनिटाला २००० फेऱ्या घेत असेल तर एका प्लगमधून मिनिटाला १००० ठिणग्या. तासाला साठ हजार.

समजा, गाडी हायवेवर ताशी ८० किलोमीटरनं चालली. एक लाख किलोमीटर जायला १२५० तास लागतील. एका प्लगच्या ठिणग्या झाल्या साडेसात कोटी.

आता साडूंची गाडी घ्या. शहरात सिग्नल, गर्दी, चढ-उतार धरून सरासरी वेग ताशी २० किलोमीटर पकडू. बेचाळीस हजार किलोमीटरला लागले २१०० तास. इंजिन कधी आयडलिंगवर, कधी जोरात. सरासरी मिनिटाला १२०० फेऱ्या धरल्या तर तासाला ३६ हजार ठिणग्या. गुणाकार करा. साधारण साडेसात कोटी.

म्हणजे बघा, मीटरवर बेचाळीस हजार दिसत होते, पण प्लगच्या दृष्टीनं एक लाख किलोमीटर होऊन गेले होते. हा ढोबळ हिशोब आहे. इंजिनावरचा भार, तापमान याचाही झिजेवर परिणाम होतो. पण मुद्दा कळला असेल. प्लगला किलोमीटर कळत नाहीत. गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा मीटर थांबतो, प्लगचं काम थांबत नाही. शिवाय जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचा प्लग नीट तापत नाही. त्याचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी जळून जाते. रोज तीन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत काजळी साठत राहते.

मग बदलायचे कधी?

पहिला आधार म्हणजे गाडीबरोबर आलेलं पुस्तक. त्यात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतील तर जे आधी येईल ते धरायचं. "जे आधी येईल ते" हे शब्द आपण वाचतो आणि विसरतो.

ढोबळमानानं सांगायचं तर साधे निकेलचे प्लग तीस ते पन्नास हजार किलोमीटर चालतात. टर्बो नसलेल्या इंजिनात प्लॅटिनम किंवा इरिडियमचे प्लग एक लाखाच्या आसपास जातात. टर्बो पेट्रोल एसयूव्हीत प्लग इरिडियमचे असले तरी साठ हजाराच्या सुमारास ते बदलावेत किंवा निदान काढून बघावेत, असा माझा सल्ला. गाडी बहुतेक शहरातच फिरत असेल तर चाळीस-पंचेचाळीस हजारांना. आणि किलोमीटर कमी असले तरी पाच-सहा वर्षं झाली की एकदा काढून बघाच.

एक धोक्याची सूचना. इंटरनेटवर "साठ हजार" असा आकडा दिसला तर तो मैलांमध्ये आहे का ते तपासा. साठ हजार मैल म्हणजे जवळजवळ ९६ हजार किलोमीटर. अमेरिकन व्हिडिओ बघून आपल्याकडचं वेळापत्रक ठरवणारे लोक मी पाहिलेत.

सेकंड हँड गाडी घेतली आणि प्लग बदलल्याची नोंद नसेल, तर बदललेले नाहीत असंच समजायचं.

लक्षणांची वाट का बघू नये?

प्लग झिजल्याचा वेगळा दिवा गाडीत नसतो. आणि आधुनिक गाडी ते लपवते. कॉइल जास्त जोर लावते आणि तुम्हाला काही जाणवत नाही. जाणवतं तेव्हा उशीर झालेला असतो. सकाळी सुरू होताना इंजिन थरथरतं, चढावर किंवा ओव्हरटेक करताना झटका बसतो, पिकअप कमी होतो, अॅव्हरेज पडतं. मेकॅनिकच्या भाषेत गाडी "मिसिंग" करते.

मिसिंग म्हणजे त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर जातं आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. कन्व्हर्टरच्या आत सिरॅमिकची जाळी असते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा थर. जास्त तापली की ती जाळी वितळते.

म्हणून हे एक वाक्य लिहून ठेवा. इंजिनाचा दिवा स्थिर लागला तर लवकरात लवकर गाडी दाखवा. लुकलुकत असेल तर वेग कमी करा, जोर देऊ नका, सुरक्षित जागी थांबा. लुकलुकणं याचा अर्थ कन्व्हर्टरला इजा होईल इतकं मिसिंग आत्ता चालू आहे. दिवा नंतर बंद झाला तरी स्कॅनरमध्ये नोंद सापडू शकते. पी०३०० असेल तर एकाहून जास्त सिलिंडरमध्ये, पी०३०१ असेल तर पहिल्या, पी०३०२ असेल तर दुसऱ्या, असा तो कोड वाचायचा.

बदलताना

इंजिन पूर्ण थंड असू द्या. हेड अॅल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग काढला तर आटे जातात आणि मग काम भलतंच वाढतं. नवा प्लग आधी हातानं फिरवून बसवायचा, मग टॉर्क पान्यानं, कंपनीनं दिलेल्या मापाइतकाच आवळायचा. सगळे प्लग एकदम बदलायचे. नंबर चॅसिस नंबरवरून काढायचा, कारण प्लगची उष्णतेची श्रेणी चुकली तर इंजिनाला धोका असतो. इथे एक गंमत आहे. एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग "थंड", बॉशच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग "गरम". अंदाजानं घेऊ नका. प्लग स्वस्तात मिळत असेल तर तो नकली नाही ना, हेही बघा.

जुने प्लग फेकू देऊ नका. कोणता कुठल्या सिलिंडरचा होता त्या क्रमानं मागून घ्या. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा प्लग तापत नाही. तेलकट असेल तर ऑइल आत येतंय. पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर अति तापतोय.

काही प्रश्न

*"सर, प्लग पॉलिश पेपरनं घासून परत लावले तर?"*
जुन्या स्कूटरला आपण सगळ्यांनीच ते केलंय. इरिडियमच्या प्लगला नको. ते टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं असतं, घासलं की गेलं.

*"कॉइलही सोबत बदलाव्यात का?"*
चालू कॉइल उगाच बदलू नये. तिच्या खालचं रबर तडकलं असेल तर तेवढं बदलावं. प्लगच्या खोबणीत ऑइल किंवा इंजिन धुतानाचं पाणी साठलंय का, तेही बघून घ्यावं.

*"नवे प्लग टाकले की अॅव्हरेज वाढतं का?"*
प्लग झिजलेले असतील तर मूळचं अॅव्हरेज परत येतं. चांगले प्लग काढून नवे टाकलेत तर काही फरक पडणार नाही.

शेवटी साडूंबद्दल. त्यांनी मला बोल लावला नाही, पण गाडीच्या कप्प्यात आता एक छोटी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर प्लग बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि त्याखाली पुढची तारीख. घरी गेल्यावर तुमच्या गाडीची अशी नोंद सापडते का बघा. सापडली नाही, तर या आठवड्यात वर्कशॉपला फोन करा. पुढच्या वेळी आपण ब्रेक ऑइलबद्दल बोलू.