संगणकावरील हिशेबाची नक्कल व कळफलकाची मांडणी

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुष्कळ शेतकरी ऊस, कांदा व दूध यांचे हिशेब आता संगणकावर ठेवितात. सातबाऱ्याचा उतारा हरविला तरी चिंता नाही. सन २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा शासनाच्या संकेतस्थळावरून मिळतो. परंतु मजुरी, खते व उसनवारीची आपली टिपणे सरकार राखीत नाही. ती गेली की गेली. म्हणून त्यांची नक्कल ठेवणे अगत्याचे आहे.

त्याच संगणकात ठेविलेली प्रत ही खरी नक्कल नव्हे. यंत्र बिघडले की दोन्ही एकदमच जातात. एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन यंत्रापासून वेगळी ठेवावी व दुसरी परगावी आप्तांकडे असावी. म्हणजे प्रवरेच्या वा गोदावरीच्या पुराने एक घर भिजले तरी हिशेब वाचेल. इंटरनेटवरील ज्या जागेचा घरच्या फाइलींशी आपोआप मेळ बसतो, तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. घरी फाइल पुसली गेल्यास तेथूनही ती काही दिवसांनी कायमची जाते.

नक्कल शाबूत असणे व ती वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. मोडीतील दप्तर धड असूनही वाचणारा नसल्यास व्यर्थ होते. जुन्या कित्येक फॉन्टांत रोमन अक्षराच्या क्रमांकावर देवनागरी अक्षराचे चित्र बसविलेले असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठी मजकूर अर्थहीन रोमन अक्षरांत दिसतो. युनिकोडमध्ये ‘क’ला २३२५ हा स्वतःचा क्रमांक आहे; म्हणून मजकूर युनिकोडमध्येच लिहावा.

कळफलकाचे मर्मही हेच. कळ दाबली असता यंत्रास केवळ कोणती कळ दाबली ते समजते. अक्षर कोणते, हे मांडणी ठरविते. इन्स्क्रिप्ट मांडणीत इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’ व ‘एल’च्या कळीवर ‘त’ उमटतो. मांडणी बदलून नादुरुस्त कळीचे काम दुसरीवर सोपविता येते, आणि त्यामुळे पूर्वी लिहिलेला मजकूर तिळमात्र बदलत नाही. मात्र पासवर्डाची अक्षरे पडद्यावर दिसत नसल्याने मांडणी भलतीच चालू असल्यास बरोबर पासवर्डही नाकारला जातो, व कुलूपबंद नक्कल हाती असून उघडत नाही. याकरिता मांडणीचे नाव वहीत टिपून ठेवावे.

दर अमावास्येस नवी नक्कल घ्यावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून दोन ओळी वाचून पाहाव्यात. न वाचलेल्या नकलेचा भरवसा धरू नये.