काळ्या गाडीची लकाकी : घरच्या घरी

काळी चंद्रकळा नेसायची हौस आपल्या सगळ्यांनाच असते. पण ती नेसून कणीक मळायला बसले की काय होते, हेही आपल्याला ठाऊक असते! पिठाचा एक कण उडाला तरी दिसतो. काळ्या मोटारीचे अगदी तसेच आहे, भगिनींनो. पांढऱ्या गाडीवर आठवड्याची धूळ खपून जाते. काळी गाडी सकाळी पुसली तरी दुपारी पुन्हा धुळकट दिसते. मग आपण पुसत सुटतो, आणि पुसता पुसताच तिचे वाटोळे करतो. मी केले, म्हणून सांगते.

आम्ही सोलापूरचे. मामंजींनी 2012 साली निवृत्तीच्या पैशातून काळी मोटार घेतली. "आपल्या उन्हात काळी कशाला?" असे ह्यांनी म्हणून पाहिले, पण मामंजींना काळीच हवी होती. रोज सकाळी ते स्वतः तिची निगा राखत. ते गेले आणि गाडी वर्षभर अंगणात कडुनिंबाखाली उभी राहिली. वर पाखरांचा संसार, खाली धुळीचा थर.

वर्षश्राद्धाला पाहुणे यायचे होते. म्हटले, गाडी लख्ख करू, सासूबाईंना बरे वाटेल. भांड्यांचा साबण घेतला, हिरवी घासणी घेतली, पदर खोचला आणि कढई घासावी तशी गाडी घासली. ओली होती तोवर छान दिसली. वाळली आणि उन्हात पाहते तो काय, सगळ्या बॉनेटवर कोळिष्टकासारखे गोल गोल ओरखडे! काळा रंग राखाडी झाला होता.

सासूबाई दारात आल्या. "अगं, त्यांचा हात फिरायचा गं तिच्यावर," एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत.

हे म्हणाले, "विकून टाकू या आता." रंगकाम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावले. पूर्ण रंगाचा त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी गप्पच बसले. पण माणूस सरळ होता. बॉनेटवरून बोट फिरवून म्हणाला, "वहिनी, रंग गेलेला नाही. वरचं पाणी खरवडलंय. घरी बसून निघेल. फक्त जोर लावू नका."

लकाकी जाते म्हणजे काय होते?

हल्लीच्या गाड्यांना रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. तो गुळगुळीत असतो तोवर प्रकाश आरशावरून परतावा तसा परततो. त्यावर बारीक ओरखडे पडले की प्रकाश चहूकडे विखुरतो. पांढऱ्या गाडीवर ते कळत नाही, काळ्यावर लगेच राखाडी झाक दिसते.

म्हणजे लकाकी वरून फासायची वस्तू नाही. पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत झाला की ती आपोआप दिसते. म्हणूनच खोबरेल, रॉकेल किंवा डिझेलचा हात फिरवून आलेली चमक फसवी. चार तास टिकते आणि दुप्पट धूळ ओढते. टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, चिंच, लिंबू हे स्वयंपाकघरातच राहू द्यावे.

आधी दोन परीक्षा

ओरखड्यावरून हलकेच नख फिरवा. नख अडकले तर तो खोल आहे, पॉलिशने जाणार नाही. अडकले नाही तर आशा आहे.

मग दाराच्या खालच्या बाजूला पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश घासून पाहा. फडके काळे झाले तर गाडीला वरचा पारदर्शक थर नाही, जुन्या पद्धतीचा एकेरी रंग आहे. घाबरू नका, पण हात आणखी हलका ठेवा, कारण झिजतो आहे तो रंगच. आणि जिथे वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून पांढरट डाग पडले असतील, तिथे पॉलिशचा उपयोग नाही. तिथे मिस्त्रीच हवा.

धुवायचे कसे?

गाडी सावलीत घ्या आणि पत्रा गार होऊ द्या. काळा पत्रा चटकन तापतो, पाणी वाळते आणि डाग धरते. हातातल्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा. मंगळसूत्र आत घ्या.

पहिल्यांदा नुसते भरपूर पाणी सोडा. धूळ पाण्याने जाऊ द्यावी, हाताने नव्हे. पाखरांची घाण वाळली असेल तर ओले फडके त्यावर दहा मिनिटे ठेवा, भिजली की अलगद उचलून घ्या.

दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधे पाणी. मऊ फडके शॅम्पूत बुडवा, टपापासून खाली या. दर वेळी ते आधी साध्या पाण्यात खळबळा आणि मगच पुन्हा शॅम्पूत घाला. एकाच बादलीत केले की काढलेली माती आपणच परत गाडीवर घासतो. चाकांचे फडके वेगळे. शेवटी मऊ मायक्रोफायबरच्या फडक्याने पाणी टिपून घ्या.

आमच्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके राहिले होते. पांढरे व्हिनेगर आणि तितकेच पाणी मिसळून, फडक्याने मिनिटभर लावून लगेच धुतले. बरेचसे गेले.

पॉलिश

दुकानात तीन वस्तू मिळतात, त्यांत गल्लत करू नका. रबिंग कंपाउंड भरड असते, ते शक्यतो टाळावे. पॉलिश बारीक असते, आपले काम त्याचे. वॅक्स ओरखडे काढत नाही. ते शेवटी लावायचे संरक्षण.

रबर आणि प्लॅस्टिकच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावा. स्पंजवर हरभऱ्याएवढे तीन-चार ठिपके घ्या. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोनच करा. हात सरळ रेषेत फिरवा, आधी उभा, मग आडवा. पत्र्याच्या धारेवर रंग पातळ असतो, तिथे घासू नका. स्वच्छ फडक्याने पुसून मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात पाहा. ओरखडे राहिले तर एकदा पुन्हा करा, पण तिसऱ्यांदा मोह आवरा. जे झिजवतो ते परत येत नाही. फडके जमिनीवर पडले तर बाजूला टाका. एक खडा पुरतो.

सगळे झाले की वॅक्सचा पातळ हात द्या, धुरकट दिसू लागले की पुसून काढा. ते काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकते. पाणी शिंपडून पाहा. अळूच्या पानावर जसे मोती होऊन घरंगळते तसे घरंगळले, की वॅक्स शाबूत आहे.

रोजची निगा

मला दोन रविवार लागले, खांदे दुखले ते वेगळेच. दुसऱ्या रविवारी सासूबाई पाट घेऊन बाहेर येऊन बसल्या. म्हणाल्या, "ते कोरडं फडकं कधी लावायचे नाहीत. आधी पाणी सोडायचे, मग हात." दोन बादल्यांची युक्ती मी उशिरा शिकले, आमच्या घरात ती तेरा वर्षे रोज सकाळी चालू होती आणि मी खिडकीतून बघत होते!

तेव्हा गाडी पुसायला येणाऱ्या मुलालाही हे जरूर सांगा. एका बादलीत आणि एकाच फडक्यात दहा गाड्या पुसल्या, तर दहाही गाड्यांची माती शेवटच्या गाडीवर येते. रोज पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुतलेली बरी.

चालकाच्या दारावर, कुलपापाशी एक खोल ओरखडा मात्र राहिला. नख अडकत होते. मिस्त्री म्हणाले, तेवढाच रंगवून देतो. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. तो त्यांच्याच किल्लीचा आहे."

वर्षश्राद्ध पार पडले. दुसऱ्या सोमवारी सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "सिद्धेश्वराला जाऊ या का, गाडीतून?" ह्यांनी काही न बोलता किल्ली उचलली. विकण्याचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.