झुरळ चिरड!

शनिवारी सकाळी न्यू जर्सीतल्या एका मैदानावर नऊ-दहा वर्षांची बारा पोरं ओळीत उभी होती. हातात बॅट, डोक्यावर हेल्मेट, आणि प्रत्येक जण मागच्या पायाचा चवडा मातीत पिळत होता. समोरचा दणकट कोच ओरडत होता, ‘किडा चिरडा! अजून जोरात चिरडा!’ कुणाच्याही पायाखाली किडा नव्हता. माझा भाचा मात्र असा काही पाय पिळत होता, की मला आमच्या स्वयंपाकघरातलं मोरीपाशी गाठलेलं झुरळच आठवलं.

मी बहिणीकडे महिनाभर राहायला गेले होते. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचाच कुणीतरी चुलत भाऊ, एवढंच माझं ज्ञान. पण दर शनिवारी घडीची खुर्ची घेऊन तिथे बसता बसता माझं लक्ष खेळावरून कोचच्या बोलण्यावर गेलं. हा माणूस मुलांना जे सांगतो, त्यातलं बरंचसं खरं नाही. आणि तरीही मुलं शिकतात! हे होतं कसं?

किड्याचंच बघा. पहिल्यांदा बॅट धरणाऱ्याला वाटतं की सगळा जोर दंडातून येतो. खरं तर तो जमिनीतून येतो : आधी पाय, मग कंबर, मग छाती आणि सगळ्यात शेवटी हात. मागचा पाय चवड्यावर वळला की टाच उचलली जाते, टाच उचलली की कंबर फिरते. आता नऊ वर्षांच्या मुलाला ‘कंबर आधी फिरव, हात मागून येऊ दे’ असं सांगून बघा. तो लाकडी बाहुलीसारखा उभा राहतो. ‘किडा चिरड’ म्हटलं की त्याच्या नकळत कंबर फिरते. हल्लीचे बरेच कोच या वाक्यावर नाराज आहेत. मुलं चिरडण्यात इतकी रंगतात की वजन मागच्याच पायावर अडकून पडतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. जोरकस फटका मारणाऱ्या मोठ्या खेळाडूचं वजन पुढच्या पायावर गेलेलं असतं. बॅट बॉलला लागते त्या क्षणी त्याचा मागचा पाय कित्येकदा जमिनीवर जेमतेम टेकलेला असतो. म्हणजे हा किडा पहिल्या वर्षी चिरडायचा आणि पुढे विसरून जायचा.

दुसरं वाक्य तर जगभरातल्या प्रत्येक कोचच्या तोंडी असतं, आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्येही : ‘नजर बॉलवर ठेव.’ टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८४ साली हे वाक्य तपासून पाहिलं. मासे पकडायच्या दोरीत त्यांनी प्लास्टिकचा बॉल ओवला, तो मोटरने खेचून बॅटरच्या दिशेने सोडला आणि त्या वेळी डोळे कसे हलतात ते मोजलं. पाहणाऱ्यांत एक व्यावसायिक खेळाडूही होता. सगळ्यांत सरस तोच ठरला, पण त्याचीही नजर बॉल साधारण साडेपाच फुटांवर येईपर्यंतच टिकली. पुढे बॉल डोळ्यांना मागे टाकून निघून गेला.

नेरळच्या फलाटावर उभं राहून न थांबणारी एक्सप्रेस कधी पाहिलीत? लांब असताना ती जागची हलतही नाही असं वाटतं. मग एकाएकी इंजिन आपल्यासमोरून असं सणाणत जातं की मान वळेपर्यंत पाच डबे गेलेले असतात. गाडीचा वेग तोच असतो, पण आपल्या नजरेला वळावा लागणारा कोन शेवटच्या क्षणी भसकन वाढतो. बॉलचंही तेच. बॅटर ज्या बॉलला फटका मारतो तो त्याला त्या क्षणी नीटसा दिसतच नाही. बॉल कुठे येईल याचा अंदाज आधीच बांधून झालेला असतो आणि बॅट त्या अंदाजाला लागते! तरीही ‘नजर बॉलवर ठेव’ हे सांगावंच लागतं. ते ऐकून मुलाचं डोकं स्थिर राहतं, खांदा आधीच उघडत नाही आणि अंदाज बांधायला जितका काळ मिळू शकतो तितका पूर्ण मिळतो.

तो काळ तरी केवढा? भाच्याच्या वयोगटात पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा असतो त्या जागेपासून, ४६ फुटांवर उभा राहतो. ताशी ६४ किलोमीटरने टाकलेला बॉल तिथून यायला पाऊण सेकंदाहून किंचित जास्त लागतो. बारा वर्षांचा एखादा तगडा मुलगा ताशी ११२ किलोमीटरने टाकू लागला की उरतो अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ. मोठ्या माणसांचा पिचर ६० फूट ६ इंचांवरून टाकतो. त्या अंतरावर एवढाच वेळ द्यायचा तर बॉल ताशी १४७ किलोमीटरने यायला हवा. म्हणूनच सगळ्यात लहान मुलांना पिचर देतच नाहीत. कमरेएवढ्या रबरी दांड्यावर बॉल ठेवतात आणि म्हणतात, मार. त्या दांड्याला ‘टी’ म्हणतात. आधी फटका शिकायचा, घड्याळाशी झुंज नंतर. व्यावसायिक खेळाडूही सरावाला पुन्हा त्याच दांड्यापाशी येतात, हे मला फार आवडलं.

मुलांची ही छोटी मापं कुणीतरी शोधून काढलेली आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावचा कार्ल स्टॉट्झ १९३८ साली नात्यातल्या दोन मुलांशी अंगणात खेळत होता. बॉलमागे धावताना लायलॅकच्या झुडपाच्या खुंटांवर त्याचा घोटा खरचटला. दुखरा पाय घेऊन बसल्या बसल्या मुलांसाठी वेगळा, नीट खेळ हवा हा विचार त्याच्या मनात आला, असं तो सांगत असे. मोठ्यांच्या मैदानात दोन बेसमधलं, म्हणजे बॅटरने पळत गाठायच्या दोन टप्प्यांमधलं, अंतर ९० फूट. स्टॉट्झने मुलांना पळवलं, बॉल फेकायला लावला, अंतर कमी-जास्त करून पाहिलं आणि ६० फुटांवर थांबला. ६ जून १९३९ रोजी तिथे मुलांच्या या बेसबॉलचा, म्हणजे लिटिल लीगचा, पहिला सामना झाला. मी पाच शनिवार बघितलं : नीट अडवून नीट फेकलेला बॉल आणि जीव तोडून पळणारं पोर फर्स्ट बेसला जवळजवळ एकदमच पोचतात. बॉल हातातून एकदा निसटला की पोर वाचलंच. मूलभूत गोष्टी घोटून घ्यायचं कारण कोचला समजावून सांगावं लागत नाही, ते साठ फूटच सांगतात.

जमिनीलगत येणाऱ्या बॉलसाठी कोच मुलांची मगर करतो. ग्लव्ह मातीला टेकवून खालचा जबडा, मोकळा हात वरचा जबडा. ग्लव्ह खालून वर चटकन येतो, वरून खाली जायला मात्र उशीर करतो. शिवाय बॉल अचानक उसळला तर वरचा जबडा नाक वाचवतो.

बॉल फेकण्याच्या बाबतीत मात्र मी हरखून गेले. चिंपांझी आपल्यापेक्षा कितीतरी ताकदवान, पण त्याने फेकलेली वस्तू जेमतेम ताशी ३० किलोमीटरने जाते. लिटिल लीगमधलं बारा वर्षांचं पोर त्याच्या तिप्पट वेगाने फेकतं! नील रोच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली बेसबॉल खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलांचा अभ्यास करून याचा उलगडा केला. हात मागे खेचला जातो तेव्हा आपल्या खांद्याचे स्नायुबंध गलोलीच्या रबरासारखे ताणले जातात आणि मग एका झटक्यात सुटतात. ही रचना जवळजवळ वीस लाख वर्षांपूर्वी, शिकार करणाऱ्या आपल्या पूर्वजांमध्ये, जुळून आली असं त्यांचं म्हणणं. कोच म्हणतो, ‘आधी पाऊल टाक, पोट नंतर वळव, हात विसरून जा.’ गलोल ताणायची हीच रीत.

पण ही गलोल वाढत्या हाडांवर बसवलेली असते. कोपराच्या आतल्या बाजूला जिथे हाड वाढतं ती जागा कूर्चेची, मऊ. तिथल्या दुखापतीला डॉक्टरच ‘लिटिल लीग एल्बो’ म्हणतात. म्हणून २००७ पासून लिटिल लीगमध्ये पिचरचा प्रत्येक बॉल मोजला जातो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५, अकरा-बारा वर्षांच्याला ८५. ६६ किंवा त्याहून जास्त टाकले की चार दिवस सुट्टी. आमच्या शेजारच्या खुर्चीतली आई हातात खटका घेऊन बसायची आणि दर बॉलला टक् करायची. मुलगा रडला तरी आकडा भरला की भरला.

आणि मग उंच उडालेला बॉल. दूर उभं असलेलं पोर वर बघतं, पळतं आणि बॉल पडतो तिथे बरोब्बर हजर असतं. गणित तर त्याला येत नाही. सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६८ साली युक्ती ओळखली : बॉल आपल्या नजरेत एकाच गतीने वर चढताना दिसेल असं पळत राहायचं. चढण्याची गती वाढतेय? बॉल डोक्यावरून जाणार, मागे व्हा. मंदावतेय? पुढे पडणार. बॉल कुठे पडेल हे ठाऊक असायची गरजच नाही, नजरेतलं चित्र सांभाळलं की पाय आपोआप तिथे नेतात. २००४ साली संशोधकांनी कुत्र्यांच्या डोक्यावर कॅमेरे बसवून पाहिले, तेव्हा फ्रिस्बी पकडणारे कुत्रेही अशाच युक्तीने पळताना दिसले.

सगळ्यात अवघड असतो तो थेट अंगावर येणारा. बाजूने दिसत नसल्यामुळे तो किती लांब जाणार ते कळत नाही. त्यासाठी कोचचा एकच हुकूम : पहिलं पाऊल मागे. चुकलात तर पुढे धावणं सोपं, उलटं धावणं अवघड.

शेवटच्या शनिवारी सराव संपल्यावर कोचने भाच्याचा ग्लव्ह माझ्या हातात चढवला आणि मला लांब उभं केलं. एव्हाना मला चॅपमन पाठ होता. बॉल निळ्या आकाशात गेला, माझ्याच रोखाने. मी तीन पावलं पुढे धावले. धप्प. मागे, चांगला दहा फूट लांब.

“मावशी,” भाचा कळवळून ओरडला, “फर्स्ट स्टेप बॅक!”